विद्यार्थी-परिषदेची निवडणूक आणि तिचे कागद

ऐतिहासिक कागदांचा संग्रह करणारा मनुष्य शंभर वर्षांच्या आंतील कागदाकडे सहसा ढुंकून पाहत नाहीं. सनद, महजर, निवाडपत्र, ताळेबंद किंवा निदान एखादी खासगी याद हातीं आली, तरच त्यास आपले श्रम सार्थकीं लागले असें वाटतें. आम्हीही त्याच पंथाचे आहों. परंतु कागद जुना व्हावयाचा तर तो आधीं टिकला पाहिजे, ही गोष्ट आपण वारंवार विसरतों. आज जो कागद कोणी उचलून ठेवीत नाहीं, तो उद्यां जुना होत नाहीं. तो नाहींसा होतो. अशा एका नाहींशा होत चाललेल्या कागदवर्गाकडे वाचकांचें लक्ष वेधावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

महाविद्यालयांतील विद्यार्थी-परिषदेची निवडणूक हा विषय आमच्या वाचकांपैकीं कित्येकांस क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. तथापि गोतसभेंत कोण बसत, साक्षीस कोण राहत व निर्णयावर कोणाचीं निशाणें पडत, हें शोधण्यांत आपण वर्षानुवर्षें खर्चिलीं आहेत. समूहानें आपला प्रतिनिधि कसा नेमावा हा जो प्रश्न तेथें, तोच येथें. शिवाय या निवडणुकीचा एक विशेष असा कीं, तिच्या प्रचाराचा कागद छापील नसावा, हातानेंच केलेला असावा, असा नियम आहे. मुद्रणयंत्र घरोघर पोंचलेल्या काळांत नियमानें हस्तलिखित ठरलेला असा दुसरा कागदवर्ग आमच्या पाहण्यांत नाहीं. हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं त्याकडे पाठ फिरवावी, हें आम्हांस उचित वाटत नाहीं.

प्रथम पूर्वपीठिका पाहूं. निवडणुकीस उभें राहणारा कसा असावा याचे नियम आपल्या देशांत शिलेवर खोदलेले आहेत. कांचीपुरम् जिल्ह्यांतील उत्तरमेरूर येथें वैकुंठ पेरुमाळाच्या देवळाच्या भिंतीवर चोळ राजा पहिला परांतक याच्या १२ व्या व १४ व्या राज्यवर्षांचे, म्हणजे इ. स. ९१९ व ९२१ च्या सुमाराचे, दोन लेख आहेत. गांवाचे ३० भाग करावे. प्रत्येक भागांतील पात्र पुरुषांचीं नांवें ताडपत्राच्या चिठ्यांवर लिहून घटांत घालावीं. नेणत्या मुलाकडून चिठी काढवावी. मध्यस्थानें ती पांचही बोटें पसरून तळहातावर घ्यावी व सभेसमोर वाचावी, असा त्यांतील विधि आहे. पात्रतेच्या अटी याहून बोधप्रद आहेत. दुसऱ्या लेखाप्रमाणें वय ३५ ते ७० असावें, करपात्र जमीन व स्वतःच्या जागेवर घर असावें, मागील तीन वर्षांत तो समितीवर नसावा, आणि पूर्वीं समितीवर असतां ज्यानें हिशेब दिला नाहीं तो व त्याचे आप्त यांचीं नांवें घटांत पडूं नयेत. वय, पुनरावृत्तीस बंदी व हिशेब हीं तीन कलमें वाचकांनीं ध्यानांत ठेवावीं. तीं पुढें पुन्हां भेटावयाचीं आहेत.

विद्यार्थ्यांच्या निवडणुकीचें जुनें उदाहरण पाहिजे असल्यास इटलींतील बोलोन्या येथें जावें लागेल. तेराव्या-चौदाव्या शतकांत तेथील कायद्याचे परदेशस्थ विद्यार्थी आपल्यांतूनच रेक्टर, म्हणजे प्रमुख, निवडीत. आणि अध्यापकांस त्याच्या आज्ञेंत राहण्याची शपथ घ्यावी लागे. आमच्या वाचकांस विशेष वाटावें असें त्या व्यवस्थेंतील एक अंग म्हणजे ‘पेचियारी’ नांवाचे सहा अधिकारी. ग्रंथविक्रेते ज्या मूळ प्रतींवरून नकला करूं देत, त्या प्रती शुद्ध आहेत कीं नाहींत हें तपासण्याचें काम त्यांजकडे असे. निवडलेल्या विद्यार्थ्यांच्या राज्यांत पोथ्यांच्या शुद्धाशुद्धतेची अशी काळजी घेतली जात होती, हें स्मरणांत ठेवण्याजोगें आहे.

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. महाराष्ट्रांतील विद्यापीठांस १९७४ सालीं स्वतंत्र अधिनियम मिळाले. पुढें १९९४ सालीं ते सर्व एकत्र करून महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियम करण्यांत आला. या दुसऱ्या अधिनियमाचें ४० वें कलम विद्यार्थी-परिषदेविषयीं आहे. त्याप्रमाणें महाविद्यालयाच्या परिषदेचे अध्यक्ष प्राचार्य; त्यांजबरोबर कांहीं अध्यापक; प्रत्येक वर्गांतून एक विद्यार्थी, तोही मागील परीक्षेंत गुणवत्ता दाखविलेला व प्राचार्यांनीं नेमलेला; क्रीडा, राष्ट्रीय सेवा योजना, राष्ट्रीय छात्रसेना व सांस्कृतिक कार्य यांतून प्रत्येकीं एक, आणि दोन विद्यार्थिनी, हीं सर्व प्राचार्यांनींच नेमावयाचीं. निवडणूक म्हणून जी उरली ती एवढीच कीं, या नेमलेल्या विद्यार्थ्यांनीं आपल्यांतून एक सचिव निवडावा. म्हणजे मताचा हक्क साऱ्या वर्गाकडून निघून वर्गांतील पहिल्या क्रमांकाकडे गेला.

हा फेर कां झाला, याचें कारण सर्वत्र एकच सांगितलें जातें: पूर्वींच्या निवडणुकांतील हाणामाऱ्या, पैसा आणि बाहेरच्या पक्षांचा शिरकाव. मुंबईंत १९८९ सालीं एका विद्यार्थी-नेत्याचा खून झाला, त्याचा दाखला या संदर्भांत नेहमीं देण्यांत येतो. उलट पक्षीं, महाराष्ट्रांतील कित्येक लोकनेते त्याच निवडणुकांतून पुढें आले, असें निवडणुकीचे कैवारी म्हणतात. दोन्ही विधानांत तथ्य असेल. परंतु संशोधकाच्या दृष्टीनें पाहतां दोन्ही बखरी आहेत. १९९४ पूर्वीं एखाद्या महाविद्यालयांत किती विद्यार्थी मत देत, उमेदवार किती उभे राहत, तंटे किती होत आणि ते कोण मिटवी, हें सांगणारा अस्सल कागद समोर ठेवून वाद करणारा मनुष्य आम्हांस भेटला नाहीं. एका पिढीचा मताधिकार बखरींच्या आधारावर गेला, आणि त्यावरील वादही बखरींच्या आधारावरच चालला आहे.

यानंतरचा महत्त्वाचा कागद म्हणजे लिंगडोह समितीचा अहवाल. केरळ विद्यापीठ व तेथील महाविद्यालयांच्या प्राचार्यांचें मंडळ यांमधील दाव्यांत सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून केंद्र सरकारनें डिसेंबर २००५ मध्यें माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम्. लिंगडोह यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. तिनें २६ मे २००६ रोजीं अहवाल दिला, आणि २२ सप्टेंबर २००६ च्या आज्ञेनें न्यायालयानें त्यांतील शिफारशी अमलांत आणण्यास सांगितलें. लहान व एकाच आवारांत वसलेल्या विद्यापीठांत पदाधिकारी प्रत्यक्ष मतानें निवडावे. विस्तीर्ण विद्यापीठांत महाविद्यालयांतून प्रतिनिधि निवडून त्या प्रतिनिधींनीं वरचे पदाधिकारी निवडावे, असे प्रकार समितीनें सुचविले. जेथें शांततेनें निवडणूक होणें शक्य नसेल तेथें नेमणुकीची पद्धति तात्पुरती चालवावी, मात्र पांच वर्षांच्या आंत निवडणुकीकडे यावें, असेंही तिनें सांगितलें. अशी नेमणूक केवळ परीक्षेंतील गुणांवर करूं नये, हा तिचा इशारा महाराष्ट्राच्या १९९४ च्या कलमाशेजारीं ठेवून वाचण्यासारखा आहे.

अशी निवडणूक चालते कशी, व तिच्या प्रत्येक पायरीवर कोणता कागद निर्माण होतो, हें आतां क्रमानें पाहूं. शैक्षणिक सत्र सुरू झाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत निवडणूक व्हावी, आणि उमेदवारी अर्जापासून निकालापर्यंतचें सर्व काम दहा दिवसांत आटोपावें, असा दंडक आहे. पहिला कागद मतदारांच्या यादीचा. दुसरा उमेदवारी अर्जाचा. यावर उमेदवाराची व सर्वसाधारणपणें त्याच्या सूचक-अनुमोदकांची सही असते. मग छाननी. पदवीपूर्व विद्यार्थ्याचें वय १७ ते २२ च्या दरम्यान असावें. पदव्युत्तरास २४-२५ व संशोधक विद्यार्थ्यास २८ ही मर्यादा. हजेरी विद्यापीठानें ठरविल्याइतकी किंवा शेंकडा ७५, यांपैकीं जी अधिक ती. त्या वर्षीं कोणत्याही विषयांत मागें राहिलेला नसावा. गुन्ह्याबद्दल अगर शिस्तभंगाबद्दल शिक्षा झालेली नसावी. पदाधिकारी होण्यासाठीं जन्मांत एकदांच व कार्यकारी सभासद होण्यासाठीं दोनदां उभें राहतां येतें. छाननींत बाद झालेला अर्ज हा इतिहासकाराच्या दृष्टीनें मंजूर अर्जाहून अधिक बोलका असतो. कारण कोणास बाहेर ठेवण्यांत आलें व कां, हें त्यावरूनच कळतें.

त्यानंतर प्रचार. छापील भित्तिपत्रक, छापील हस्तपत्रक यांस मनाई. हातानें केलेलीं पत्रकेंच लावावयाचीं, तींही आधीं ठरवून दिलेल्या जागीं. ध्वनिवर्धक, वाहनें व जनावरें यांचा उपयोग करावयाचा नाहीं. जनावरांचा उल्लेख वाचून वाचक हंसतील. पण निषेधावरून पूर्वाचाराचें अनुमान करणें ही आपल्या शास्त्रांतील मान्य रीति आहे. खर्चाची मर्यादा उमेदवारागणिक ५००० रुपये. पैसा विद्यार्थ्यांच्या स्वेच्छेच्या वर्गणीचा असावा. राजकीय पक्षाचा नसावा. मतदानाच्या दिवशीं मतदारास द्यावयाची ओळखचिठी साध्या पांढऱ्या कागदाची असावी व तिच्यावर उमेदवाराचें नांव अगर पक्षाची खूण नसावी. पाण्याखेरीज खाण्यापिण्याचें कांहीं वांटूं नये. मग मतपत्रिका, मतमोजणीचा तक्ता व निकालपत्रक.

निकालानंतर दोन आठवड्यांत प्रत्येक उमेदवारानें तपासलेला हिशेब महाविद्यालयास द्यावा, आणि महाविद्यालयानें तो दोन दिवसांत प्रसिद्ध करावा. हिशेब न दिल्यास किंवा खर्च मर्यादेबाहेर गेल्यास निवड रद्द होते. निवडणुकीसंबंधींची तक्रार निकालापासून तीन आठवड्यांच्या आंत करतां येते. ती ऐकणाऱ्या समितींत विद्यार्थी-कल्याणाचे प्रमुख, एक ज्येष्ठ अध्यापक, एक ज्येष्ठ कार्यालयीन अधिकारी आणि शेवटच्या वर्षाचे दोन विद्यार्थी, एक मुलगा व एक मुलगी, असतात. निवाडा करणाऱ्यांत ज्यांचा तंटा त्यांच्यापैकींच दोघे बसविले आहेत, ही योजना गोताची आठवण करून देणारी आहे.

उत्तरमेरूरचीं तीन कलमें येथें पुन्हां भेटतात, हें वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल. वयाची मर्यादा तेथेंही आहे, येथेंही आहे. पुन्हां पुन्हां त्याच मनुष्यानें येऊं नये ही चिंता दोहींकडे आहे. हिशेब न देणारा दोहींकडे बाद आहे. यावरून लिंगडोह समितीनें चोळांचा शिलालेख पुढें ठेवून नियम केले असें कोणीं म्हणूं नये. असें म्हणण्यास तिळमात्र पुरावा नाहीं. एवढेंच म्हणतां येईल कीं, सार्वजनिक पदाचीं भयस्थानें हजार वर्षांत फारशीं बदललेलीं नाहींत. भेद आहे तोही मोठा आहे. उत्तरमेरूरच्या सभेनें मनुष्याच्या पसंतीवर विश्वास न ठेवतां चिठीवर ठेवला व पात्रता जमिनीवर आणि विद्येवर ठरविली. लिंगडोह समितीनें पसंतीवरच विश्वास ठेवून तिच्याभोंवतीं कुंपण घातलें. महाराष्ट्राच्या १९९४ च्या कलमानें पसंति जवळजवळ काढूनच टाकली.

ती पसंति परत आणण्याचें काम महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ यानें केलें. हा अधिनियम १ मार्च २०१७ पासून अमलांत आला. त्याच्या ९९ व्या कलमान्वयें महाविद्यालयांत अध्यक्ष, सचिव, एक महिला-प्रतिनिधि व मागासवर्गांपैकीं चक्रानुक्रमानें एक प्रतिनिधि, आणि प्रत्येक वर्गाचा एक वर्ग-प्रतिनिधि, हीं पदें पूर्णवेळ विद्यार्थ्यांच्या मतांनीं भरावयाचीं; खेळ, सेवा योजना, छात्रसेना व सांस्कृतिक कार्य यांचे प्रतिनिधि मात्र नेमावयाचे. कायदा झाला तरी निवडणूक लगेच झाली नाहीं. २०१९ सालीं तिचा बेत जाहीर झाला होता. तो विधानसभेच्या निवडणुकीमुळें पुढें ढकलण्यांत आला. कलम लिहिलें गेलें म्हणून व्यवहार घडला असें धरून चालणाऱ्या संशोधकास हें एक उदाहरण पुरें आहे.

नियम व व्यवहार यांतील अंतराचीं आणखी दोन उदाहरणें दिल्लीचीं देतों. जवाहरलाल नेहरू विद्यापीठांत निवडणुकीचें काम विद्यार्थ्यांनीं नेमलेला विद्यार्थ्यांचाच निवडणूक आयोग चालवीत असे. तेथील पद्धति लिंगडोह समितीच्या नियमांशीं जुळत नाहीं म्हणून २००८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निवडणूक थांबविली. ती पुन्हां झाली ती मार्च २०१२ मध्यें. दुसरें उदाहरण दिल्ली विद्यापीठाचें. तेथें २७ सप्टेंबर २०२४ रोजीं मतदान झालें. परंतु प्रचाराच्या पत्रकांनीं व रंगानें भिंती विद्रूप झाल्या म्हणून, त्या साफ होईपर्यंत मतें मोजूं नयेत, अशी आज्ञा उच्च न्यायालयानें केली होती. मतमोजणी २५ नोव्हेंबर रोजीं झाली. जेथें नियमानें केवळ हातानें केलेलीं पत्रकें ठरविलेल्या जागीं असावयाचीं, तेथें भिंती साफ करविण्यासाठीं दोन महिने निकाल अडवून ठेवावा लागला. हें न्यायालयाचें प्रकरण उपलब्ध नसतें व केवळ नियमांची पोथी उरली असती, तर पुढील काळच्या इतिहासकारानें दिल्लींतील भिंती स्वच्छ होत्या असेंच लिहिलें असतें.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. मतदान संपल्यापासून ४८ तासांच्या आंत मतदानाची जागा साफ करण्याची जबाबदारी सर्व उमेदवारांवर टाकलेली आहे. स्वच्छतेच्या दृष्टीनें हा नियम निर्दोष आहे, आणि भिंती विद्रूप ठेवाव्या असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. पण परिणाम काय होतो तो पाहावा. एका नियमानें पत्रक हस्तलिखित करविलें. दुसऱ्या नियमानें तें केराच्या टोपलींत पोंचविलें. अर्ज, तक्ते व हिशेब कार्यालयांत राहतात खरे. पण मुदत संपतांच तेही रद्दींत निघतात.

याचा अनुभव आम्हांस आला आहे. एका जुन्या महाविद्यालयाच्या दप्तरखान्यांत, अधिकाऱ्यांच्या सौजन्यानें, आम्हीं कांहीं दिवस काम केलें. प्रवेशाच्या वह्या, फीच्या पावत्यांचे तुकडे, परीक्षांच्या गुणपत्रिका यांचे रुमाल आरंभापासून लावून ठेवलेले होते. निवडणुकीचा रुमाल मागितला, तेव्हां ‘तसलें कांहीं ठेवीत नसतात’ असें उत्तर मिळालें. शोधाअंतीं एका नियतकालिकाच्या जुन्या अंकांत पदाधिकाऱ्यांचें छायाचित्र व खालीं नांवें एवढें सांपडलें. ते कोणाविरुद्ध उभे होते, किती मतांनीं आले, हरलेल्यांनीं काय म्हटलें, याची एक ओळ नाहीं.

यांतील धोका केवळ आमच्या छंदापुरता नाहीं. गुणपत्रिका टिकतात व मतपत्रकें जातात, तेव्हां दप्तर स्वतःच एका पक्षाचें होतें. त्यावरून उद्यां असें सिद्ध करतां येईल कीं, महाविद्यालयांत पहिल्या क्रमांकाचे विद्यार्थीच तेवढे होते. बाकीच्यांस मत असें नव्हतेंच. विद्यार्थ्यांस मत द्यावें कीं न द्यावें हा प्रश्न जेव्हां पुन्हां निघेल, आणि तो निघाल्यावांचून राहणार नाहीं, तेव्हां निर्णय करणाऱ्यांपुढें पुरावा ठेवणें हें संशोधकांचें कर्तव्य आहे. तो पुरावा मतास अनुकूल निघेल कीं प्रतिकूल, हें आम्ही आज सांगत नाहीं. जुन्या तंट्यांचे कागद मिळाले तर कदाचित् प्रतिकूलही निघेल. परंतु तो असला पाहिजे.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी. ज्यांच्या घरीं १९९४ पूर्वीं महाविद्यालयांत शिकलेलीं माणसें आहेत, त्यांनीं जुन्या ट्रंका एकदां पाहाव्या. हस्तपत्रक, वर्गणीची यादी, सभेची टिपणें, हरलेल्या उमेदवाराचें पत्र, यांपैकीं कांहीं निघाल्यास त्यावर महाविद्यालय, वर्ष व कागद कोणाकडून मिळाला हें वेगळ्या चिठीवर लिहून ठेवावें; मूळ कागदावर लिहूं नये. जेथें आजही निवडणुका होतात तेथील पत्रकें काढलीं जाण्यापूर्वीं त्यांचीं छायाचित्रें घ्यावीं, आणि जिंकणाऱ्याचें एक ठेवलें तर हरणाऱ्याचेंही एक ठेवावें. हयात असलेल्या खासगी व्यक्तींचीं नांवें व तक्रारी यांचा बभ्रा मात्र करूं नये. कागद राखणें हें आपलें काम, तो केव्हां उघडावा हें काळानें ठरवावयाचें. प्राचार्यांसही विनंति कीं, अर्जांच्या छाननीचा तक्ता, मतमोजणीचा तक्ता व खर्चाचा हिशेब हे तीन कागद तरी दर वर्षीं एका रुमालांत बांधावे. वर्षास तीन कागद ठेवण्यास एक फळीही भरणार नाहीं.

उत्तरमेरूरच्या सभेनें आपले नियम दगडावर कोरविले म्हणून आज ते आपणांस वाचतां येतात. पण त्या घटांतून निघालेली एकही चिठी उरलेली नाहीं. कोणाचें नांव निघालें व कोणाचें राहिलें, हें कोणासही सांगतां येत नाहीं. आपल्याकडेही अधिनियमांच्या प्रती ग्रंथालयांत शाबूत राहतील यांत शंका नाहीं. चिठ्यांची सोय ज्याची त्यानेंच करावयाची आहे.